मोठी किल्ली माझ्याकडे

४ डिसेंबर १९६२

अखेर रेडिओ आला. पुण्याहून साहेब, दोन माणसं, बॅटरी आणि एक भक्कम लाकडी पेटी अशी सगळी वरात जीपमधून चावडीसमोर उतरली. छपरावर बांबू रोवून तार ताणली, पेटी भिंतीत बोल्टांनी पक्की केली. मी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. ग्रामसेवक या नात्याने रेडिओचा इन्चार्ज मी. भरे गावाने काय ऐकावं, किती मोठ्याने ऐकावं आणि कधी गप्प बसावं, हे आजपासून एका माणसाच्या हातात आहे. जबाबदारी मोठी आहे. माणूसही तसाच निवडला आहे.

पेटीला दोन कुलपं. पुढे एक छोटी खिडकी, तिच्यात फक्त चालू-बंदचं बटण आणि आवाज कमीजास्त करण्याचं. तिची किल्ली छोटी. बाजूला मोठं दार. त्याच्या आत बॅटरी, तारा आणि स्टेशन बदलायचा काटा. त्याची किल्ली मोठी, पितळी, हातात घेतली की वजन कळतं.

साहेबांनी सूचना दिल्या. रोजचं काम छोट्या किल्लीने करायचं. मोठी किल्ली अडल्याशिवाय काढायची नाही, आणि काढली तर दोन माणसांच्या देखत. ज्याला जेवढं काम त्याला तेवढीच किल्ली, आणि काम संपलं की ती परत घ्यायची. मी म्हणालो, साहेब, हे मला सांगायला नको. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. माणूस जरा रुक्ष वाटला.

मोठी किल्ली करगोट्याला बांधली आहे. झोपतानाही काढणार नाही. किल्ली एक, माणूस एक. ठरलं.

५ डिसेंबर

पहिला कार्यक्रम. अख्खं गाव चावडीसमोर. शेतीची माहिती, बाजारभाव, एक भजन.

छोट्या किल्लीने खिडकी उघडणार होतो, पण ती दिसते ट्रंकेच्या किल्लीसारखी. एवढ्या लोकांसमोर इन्चार्जने खिशातून ट्रंकेची किल्ली काढायची? मोठी काढली. मोठं दार करकरत उघडलं तेव्हा पुढे बसलेली मंडळी मागे सरकली. साहेब म्हणाले होते दोन माणसांच्या देखत, इथे तर सगळा गाव होता. म्हणजे नियम पाळून वर उरला.

९ डिसेंबर

माणसं पांगल्यावर सेट तपासला. काटा हळूच फिरवून पाहिला. रेडिओ सिलोन स्वच्छ लागतं. इन्चार्जला आपल्या सेटच्या सगळ्या क्षमता माहीत पाहिजेत. ही तपासणी रोज जेवणानंतर करायची असं ठरवलं. नंतर काटा पुन्हा पुण्यावर आणून ठेवतो, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नाही.

१२ डिसेंबर

सारजाबाई आली होती. वरच्या आळीत एकटी राहते. मुलगा जयसिंग लष्करात मोटार ड्रायव्हर. लढाई सुरू झाल्यापासून त्याचा पत्ता नाही. लष्कराने 'बेपत्ता' कळवलं आहे. उरवड्याच्या धोंडाबाईचा बहिरू त्याच्याच तुकडीत, तोही बेपत्ता. अख्ख्या मुळशी तालुक्यात असे हे दोघेच. सारजाबाई म्हणते, "मेला म्हना, न्हाईतर जित्ता म्हना. मधी कसं ऱ्हायचं मानसानं?"

तिला रेडिओवर पहाटे एक स्टेशन लावून हवं आहे. "चीनचं ठेसन हाय भाऊसाहेब, माझ्या भाच्यानं पुण्यात ऐकलंया, पहाटं त्येच्यावर..." इथपर्यंत ऐकलं आणि मी तिला थांबवलं. शत्रूचं स्टेशन! सरकारी सेटवर! तत्त्वाचा प्रश्न असला की पुढचं ऐकत बसावं लागत नाही. काट्याला हात लावण्याचा अधिकार कोणालाही नाही असं स्पष्ट सांगितलं. ती पायरीवर थोडा वेळ बसली आणि गेली.

वाईट वाटलं. पण खुर्चीवर बसलं की कठोर व्हावं लागतं. रात्री सिलोनवर बरी गाणी होती.

१५ डिसेंबर

सरपंच हैबतराव आज जरा तापले होते. पाहुणे आले तेव्हा मी पौडला पंचायत समितीत होतो आणि पेटी बंद. म्हणाले, "मी गावचा सरपंच, अन् माज्याच गावच्या पेटीला मला हात लावता यीना? लोक हसत्यात भाऊसाहेब."

विचार केला. साहेबांचा नियम असा की ज्याला जेवढं काम तेवढी किल्ली. सरपंचांचं काम काय? मोठं. मग किल्ली कोणती? मोठी. नियमातच बसलं.

पिरंगुटच्या बाजारात अन्वरचं कुलूप-स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडून दुसरी किल्ली घासून आणली. अन्वर म्हणाला, "साचा ठिवून देतो भाऊसाहेब. लागंल पुना." मी म्हणालो, लागणार नाही. त्याने मान हलवली आणि साचा खिळ्याला अडकवला.

२२ डिसेंबर

हैबतराव आपली किल्ली मेहुण्याला, कोंडाजीला देतात असं उघडकीस आलं. कोंडाजी तालमीतला गडी. कुस्तीची वर्णनं ऐकतो म्हणतो, पण दुपारी चावडीवरून जाताना मी लावण्या ऐकल्या. एकाची किल्ली दुसऱ्याने वापरणं हे गंभीर आहे. असं चालू दिलं तर कंट्रोल राहणार नाही.

म्हणून कोंडाजीला वेगळी किल्ली करून दिली. आता कोणी कोणाची वापरायला नको. अन्वरने नुसता साचा काढला.

३ जानेवारी १९६३

नवीन वर्षाचे संकल्प : १. पहाटे उठून व्यायाम. २. मोठ्या किल्ल्या परत गोळा करणे. ३. सिलोन रविवारीच.

रत्नाबाई चावडीची झाडलोट करते. म्हणाली, पेटीत धूळ साचलीय, उंदरानं लेंड्या टाकल्यात, किल्ली द्या म्हणजे रोज पुसून घेते. तिला छोटीच देणार होतो. सगळी ट्रंक उपसली, छोटी किल्ली सापडेना. शिवाय धूळ मोठ्या दाराच्या आत. पुन्हा पिरंगुट. किल्ली देताना बजावलं, फक्त पुसायचं, काट्याला हात नाही. "मला का त्यातलं काय कळतंय भाऊसाहेब," म्हणाली आणि हसली. साधी बाई आहे.

संकल्प क्रमांक दोन तूर्त पुढे ढकलला आहे.

१० जानेवारी

आवाज दबका येऊ लागला. बॅटरी उन्हाळ्यापर्यंत पुरेल असं साहेब म्हणाले होते. बॅटरीच मुळात अशक्त दिली असणार. हैबतराव पाहुण्यांना दिवसभर ऐकवतात, कोंडाजी दुपारी ऐकतो. मी दिवसातून एकदाच तपासणी करतो, आणि तीही सरकारी कामाचा भाग म्हणून.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज पहाटे एक प्रकार घडला. लिहून ठेवतो, म्हणजे मनातून जाईल.

माझी खोली चावडीला लागून, मध्ये एकच भिंत. झुंजुमुंजू व्हायच्या आधी जाग आली. भिंतीपलीकडून बाईचा आवाज येत होता. आपल्याकडचा नव्हे. हिंदी, सपाट, ना रडका ना हसरा. एकामागून एक नावं घेत होती. नाव, मग थोडं थांबायचं, मग दुसरं नाव. मध्ये खरखर. मग पुन्हा नाव.

मी उठलो नाही. उठण्याचं काही कारण नव्हतं. घोंगडी डोक्यावरून घेतली होती, पण ती थंडीमुळे.

सकाळी पेटी पाहिली. कुलूप जागच्या जागी.

१६ जानेवारी

किल्लीवाल्यांकडे वेगवेगळी चौकशी केली. हैबतराव म्हणाले, "पहाटं म्या तितं कशाला मरायला येतोय?" रत्नाबाई खाली बघून म्हणाली वारा असेल. वारा नावं घेतो का, असं विचारलं तर म्हणाली, "घेत बी आसंल." कोंडाजी मात्र ऐकून एकदम गंभीर झाला. एवढा दांडगा गडी, पण त्याने आधी आजूबाजूला पाहिलं.

तो म्हणाला, "धरनात गावं बुडाली, तितली मानसं हायेत ती. पहाटं येकमेकाला नावानं हाका मारत्यात, कोन कोन ऱ्हायलं ते बघाया. मुळशीकडनं वारं सुटलं की हितवर ऐकू येतंय. आपलं नाव आलं तरी ओ द्यायची न्हाई भाऊसाहेब. तिसरी हाक आली तरच द्यायची. त्यास्नी तिसरी हाक मारता येत न्हाई."

मी मोठ्याने हसलो. मी शिकलेला माणूस आहे. बुडालेल्या माणसांना हिंदी कुठून येणार, हा मुद्दाही त्याला सांगितला. तो म्हणाला, "लई वर्सं झाली, शिकली आसतील."

१९ जानेवारी

पुन्हा आवाज. उद्या पहाटे कंदील घेऊन जाऊन पाहणार. भीतीचा प्रश्नच नाही.

२० जानेवारी

खोकला झाला. गेलो नाही.

२२ जानेवारी

कंदिलात तेल नव्हतं.

२४ जानेवारी

उद्या अमावास्या. अमावास्येचं माझं काही म्हणणं नाही, पण गावात राहायचं तर गावाच्या भावना सांभाळाव्या लागतात. अमावास्या उलटल्यावर तपास.

दिवसासुद्धा आता पेटीसमोर एकटं बसवत नाही. तार वाऱ्याने गुणगुणते. काल हैबतरावांनी मागून हाक मारली तर मी ओ दिली नाही, तिसऱ्या हाकेला दिली. ते म्हणाले, कान तपासून घ्या.

२८ जानेवारी, सकाळ

दोन घोंगड्या पांघरून लिहितो आहे. थंडी फार.

पहाटे आवाज आला. आज ठरवून उठलो. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात किल्ली. तोंडाने राम राम राम, मोठ्याने, म्हणजे जे काय असेल त्याला आपण येतोय हे आधी कळावं. चावडीचं दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. पेटीचं मोठं दार सताड उघडं आणि आत काट्यामागचा दिवा पिवळा पिवळा. माणूस नाही. कोपऱ्यात कोणाचं तरी घोंगडं पडलेलं. आणि ती बाई बोलत होती. मी आणखी मोठ्याने राम म्हणू लागलो. घसा फाटेपर्यंत. त्यात तिचं काही कळत नव्हतं. मग मला दम लागला, मी थांबलो, आणि नेमकी ती म्हणाली,

"जिला पूना, तालुका मुलशी, गाँव..."

मुळशी! कोंडाजीचा शब्द न् शब्द खरा. गावाचं नाव तिच्या तोंडून निघायच्या आत मी पुढे झेपावलो, हाताला लागतील त्या तारा धरल्या आणि ओढल्या. आवाज तुटला. दिवा विझला.

आणि कोपऱ्यातलं घोंगडं कण्हलं.

पुढचं आठवत नाही. खोलीत कसा आलो ते माहीत नाही. कंदील तिथेच राहिला.

तरी एक सांगतो, संकटाच्या वेळी माझं डोकं शाबूत राहतं. तिने भरे म्हटलं असतं तर काय झालं असतं? गाव वाचवलं म्हटलं तरी चालेल. हे कोणाला सांगत मात्र बसणार नाही.

२९ जानेवारी

कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तारा स्वतःच जोडल्या. सगळ्या सारख्याच दिसतात. बटण दाबलं तेव्हा आतले काचेचे दिवे सगळे एकदम लखलखले, असा उजेड त्यांनी कधी दिला नव्हता. वाटलं, जमलं. मग टच्च झालं, जळका वास आला आणि सेट कायमचा गप्प झाला.

पुण्याला 'हवेतील ओलाव्यामुळे तांत्रिक बिघाड' असं कळवलं. गावात सांगितलं, दुरुस्ती चालू आहे. पेटीला कुलूप. आता आवाज येणार नाही. शांत झोप लागेल.

१ फेब्रुवारी

पहाटे दाराबाहेर हाक. "भाऊसाहेब." बाईचा आवाज. मी श्वास रोखला. पुन्हा "भाऊसाहेब." ओ दिली नाही. मग बराच वेळ काही नाही, आणि तिसरी हाक आली.

दार उघडलं. सारजाबाई उभी. अंगावर तेच घोंगडं. हातात माझा कंदील.

बोलू लागली ते असं. ते घोंगडं म्हणजे तीच. रत्नाबाईकडून किल्ली घेऊन ती पहाटे येत होती. भाच्याने काट्याची जागा दाखवून ठेवली होती. त्या स्टेशनवर चीनने धरून नेलेल्या आपल्या जवानांची नावं वाचतात. आधी नाव, मग जिल्हा, तालुका, गाव. जो पकडला गेला तो जिवंत आहे. रोज नाहीत वाचत, कधी वाचतील नेम नाही, म्हणून रोज यायचं. मला घाबरून ती कोपऱ्यात दडली होती.

"तुमी राम राम वरडत हुता, मला नाव न्हाई आलं ऐकू," ती म्हणाली. "मुळशी तेवडं आलं. तुमी पेटीपाशी हुता. म्होरं गाव कुटलं म्हनली, तेवडं सांगा."

मुळशी तालुका. बेपत्ता दोघेच. भऱ्याचा जयसिंग, नाही तर उरवड्याचा बहिरू. दोघांतला एक जिवंत आहे, आणि कोणता ते सांगणारा शब्द मी तारेबरोबर उपटला.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. असं माझ्या तोंडाकडे आजवर कोणी बघितलेलं नाही, देवाकडे बघतात तसं.

मी म्हणालो, "भरे."

२ फेब्रुवारी

गावात साखर वाटली. सारजाबाईने देवळात नारळ फोडला. हैबतरावांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि भाषणात म्हणाले की, भाऊसाहेबांनी जीव धोक्यात घालून शत्रूचं स्टेशन पकडलं. मी नाही म्हणालो नाही. नम्रपणे मान खाली घातली.

आणि खोटं कशावरून? दोघांतला एक आहेच. निम्मं तर खरं आहेच, आणि निम्म्यावर माणसं जगतात. तिने 'भरे'च म्हटलं असणार. ओठांची सुरुवात तशीच वाटली. रेडिओला ओठ नसतात हे मला माहीत आहे.

पहाटे पुन्हा ऐकलं. सेट जळलेला आहे. तरी ऐकलं. "तालुका मुलशी, गाँव..." आणि थांबली.

८ फेब्रुवारी

धोंडाबाई उरवड्याहून चालत आली. म्हातारी नाही, पण म्हातारीसारखी दिसते. चावडीच्या पायरीवर बसली, पाणी दिलं तर नको म्हणाली. भऱ्याला साखर वाटली हे तिला कळलं होतं.

म्हणाली, "सारजाच्या पोराचं आलं, ब्येस झालं. माज्या बहिरूचं न्हाई का आलं? दोघं बरूबर हुती. येक धरला म्हंजी दुसरा कुटं आसंल?" मग स्वतःच म्हणाली, "न्हाई म्हनला तरी चालंल भाऊसाहेब. कुकू पुसायचं की ठिवायचं, सूनबाई इचारतीया."

मला तिथे बसवेना. मी 'भरे' म्हणालो तेव्हा मी फक्त एका बाईला उत्तर दिलं होतं. दुसरीच्या सुनेचं कुंकू त्याच शब्दात पुसलं जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शपथेवर सांगतो, आलं नव्हतं.

मी म्हणालो, "भरेनंतर लगेच उरवडेपण म्हणाली. एका दमात."

ती रडली. माझ्या पायांना हात लावला. आज जेवलो नाही.

१२ फेब्रुवारी

पुण्याहून साहेब आले. पेटी उघडली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. दुरुस्ती शक्य नाही म्हणाले. सेट काढून घेतला. पेटी भिंतीत बोल्टांनी पक्की आहे, ती राहू दे म्हणाले. मग विचारलं, मोठ्या किल्ल्या किती?

मी म्हणालो, एक.

तेवढ्यात हैबतराव मदतीला धावून आले आणि आपली किल्ली पुढे केली. मागून कोंडाजीने त्याची पुढे केली. साहेबांनी त्या दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या आणि जीपमध्ये बसले. रत्नाबाई दारात उभी होती. तिने हात पुढे केला नाही.

साहेबांना विचारायचं होतं, त्या स्टेशनवर नावं पुन्हा वाचतात का. विचारलं नाही. पोझिशन अवघड झाली असती.

२० फेब्रुवारी

पिरंगुटला गेलो होतो. अन्वर म्हणाला, "सकाळी त्या दोघी माज्या दुकानाम्होरं भेटल्या. भऱ्याची अन् उरवड्याची. आदी गळ्यात पडल्या. मग काय बोलल्या कुनास ठाव, गप झाल्या. लई येळ नुसत्या उभ्या हुत्या." मग त्याने साचा हवा का म्हणून विचारलं. नको म्हणालो.

बसमध्ये बसून विचार केला. दोघींना सांगितलेलं एकच आहे, दोघीही खूश आहेत, तेव्हा बिघडायचं काही कारण नाही. उद्या पौडला मुक्काम करावा असं वाटतं. कामं साठली आहेत.

२१ फेब्रुवारी

पौडला जायच्या आत त्या आल्या. दोघी. उन्हात चालत आल्या होत्या. मी खुर्ची सोडून उभा राहिलो.

वाटलं होतं आरडाओरडा होईल. गाव जमेल. हैबतरावांना काय सांगायचं ते मी मनात जुळवतही होतो. पण सारजाबाई हळूच बोलली, आजाऱ्याजवळ बोलतात तसं. "मी तितंच हुते भाऊसाहेब. मुळशी म्हनली, गाव म्हनली, अन् तुमी तारा वढल्या. येका सबदापुरता येळ हुता का न्हवता, मला ठाव नव्हतं. तुमी जवळ हुता. तुमी येक गाव म्हनला, म्या मानलं. पर हिला दोन म्हनला. दोन गावांपुरता येळ नव्हता."

धोंडाबाई माझ्याकडे बघत नव्हती. चावडीतल्या पेटीकडे बघत होती.

सारजाबाई म्हणाली, "तुमास्नी ठाव न्हाई. व्हय ना?"

मी नाही म्हणालो. म्हणजे ठाऊक नाही असं म्हणालो.

मी म्हणालो, नवीन सेट मागवतो. अर्ज करतो. पहाटे तुमच्यासाठी मी स्वतः लावीन, तुमच्या दोघींच्या हातात किल्ली देईन. पोटतिडकीने बोलत होतो, खरंच देणार होतो. सारजाबाईने पदराची गाठ सोडली, आतून मोठी किल्ली काढली, रत्नाबाईची, आणि टेबलावर ठेवली.

"काम झालं," म्हणाली. "ही तुमची तुमास्नी."

दोघी पायऱ्या उतरल्या. खाली वाट फुटते तिथपर्यंत बरोबर गेल्या. मग एक भऱ्याच्या वरच्या आळीला वळली आणि एक उरवड्याच्या वाटेला. कुंकवाचं काय ठरलं ते विचारायचं राहिलं.

३ मार्च

सगळ्या किल्ल्या परत आल्या. काल ट्रंकेच्या तळाशी छोटीही सापडली. कंट्रोल पूर्णपणे माझ्या हातात आहे. असा कारभार पहिल्या दिवसापासून ठेवला असता तर... असो. यापुढे ठेवणार.

आज पहाटे भिंतीपलीकडे ती पुन्हा बोलली. मी राम म्हटलं नाही. तोंडावर हात धरून ऐकलं. "जिला पूना, तालुका मुलशी, गाँव..." मी थांबलो. तीही थांबली. मी ओ दिली. पहिल्याच हाकेला दिली. म्हटलं, कोणतं गाव, बाई? एवढं सांग.

काही नाही.

उठून चावडीत गेलो. रोजच्या कामाला छोटी किल्ली वापरायची, म्हणून आधी छोट्या किल्लीने खिडकी उघडली. मग मोठ्या किल्लीने मोठं दार. आत उंदराच्या लेंड्या आणि तारेचा एक तुकडा. कान लावून बसलो, उजाडेपर्यंत. मग दोन्ही कुलपं लावली. दोन्ही नीट लागतात.